निबंध ही शिक्षा नव्हती: तरुण चालकाच्या हातून जीव गेला तर कायदा काय करतो?

तीनशे शब्दांचा निबंध ही शिक्षा नव्हती. पुण्यात आजही हे वाक्य बोललं की समोरचा चिडतो, आणि त्या चिडण्यामागचं दुःख खरं आहे. तरीही सुरुवात इथूनच करायला हवी. या एका गैरसमजामुळे आपला राग भलत्याच दारावर जाऊन आदळतो आणि जिथे खरंच जाब विचारायला हवा तिथे कुणी विचारत नाही.

१९ मे २०२४, रविवारची पहाट. कल्याणीनगरमध्ये भरधाव पोर्शेने एका दुचाकीला उडवलं. दुचाकीवरचे दोघेही गेले. मध्य प्रदेशातून नोकरीसाठी पुण्यात आलेले, विशीतले, आयटीतले इंजिनियर. गाडी चालवणारा सतरा वर्षांचा होता. त्याच दिवशी बाल न्याय मंडळाने त्याला जामीन दिला आणि जामिनाच्या अटींमध्ये रस्ते अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितलं. संध्याकाळपर्यंत सगळीकडे एकच वाक्य फिरत होतं: दोन जिवांची किंमत तीनशे शब्द.

जामीन म्हणजे निकाल नव्हे. चौकशी संपेपर्यंत आरोपीने कुठे राहायचं, एवढंच त्यात ठरतं. त्यातही अठरा वर्षांखालच्या मुलाच्या बाबतीत बाल न्याय कायद्याचं कलम १२ अगदी स्पष्ट आहे: गुन्हा जामीनपात्र असो की अजामीनपात्र, जामीन द्यायचा. नाकारायचा असेल तर तीनच कारणं चालतात. सुटल्यावर तो गुन्हेगारांच्या संगतीला लागेल, त्याच्या स्वतःच्या जिवाला किंवा मनाला धोका होईल, किंवा सोडल्याने न्यायाचा हेतूच हरेल. निबंधाची ती अट शहाणपणाची होती असं मी मुळीच म्हणत नाही. दोन घरांवर आभाळ कोसळलेलं असताना आदेशात असं काही लिहिलं जाणं हा त्या घरांचा अपमानच होता. पण ती अट होती. शिक्षेचा प्रश्न अजून उभाही राहिलेला नव्हता.

पुढे लोकांचा संताप वाढला. २२ मे रोजी मंडळाने आपला आदेश बदलून मुलाला निरीक्षणगृहात पाठवलं. २५ जून रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ते बेकायदा ठरवलं. एकदा जामीन दिला, तो रद्द केलेला नाही, मग त्याला कोंडून कसं ठेवता, असा साधा प्रश्न होता. मुलाचा ताबा आत्याकडे गेला. अनेकांना हा दुसरा अन्याय वाटला. मला वाटतं, न्यायालयाने तेव्हा लोकांच्या रागापेक्षा कायदा वर ठेवला, आणि तसं करणं अवघड असतं म्हणूनच त्याची गरज असते.

कलम कोणतं लागलं?

अपघाती मृत्यूच्या प्रकरणात शिक्षा किती होणार हे न्यायाधीश निकाल वाचतात त्या दिवशी ठरतं, असा आपला समज. प्रत्यक्षात ते बरंचसं पहिल्या चोवीस तासांत ठरून जातं. चालकाचं वय आणि पोलिसांनी लावलेलं कलम, या दोन गोष्टी शिक्षेची कमाल मर्यादा आखून देतात. त्या मर्यादेच्या पलीकडे कुठलाही न्यायाधीश जाऊ शकत नाही, मग त्याला कितीही वाईट वाटो.

आधी कलमाचं बघू. चालक अठरा पूर्ण केलेला आहे असं धरून चालू.

एक वाट निष्काळजीपणाची. बेदरकारपणे किंवा हयगयीने गाडी चालवून कुणाचा मृत्यू घडवला, पण मारायचा हेतू नव्हता आणि मरेल याची जाणीवही नव्हती. जुन्या भारतीय दंड संहितेत हे कलम ३०४-अ होतं: जास्तीत जास्त २ वर्षं कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली आणि तिच्या कलम १०६(१) मध्ये ही मर्यादा ५ वर्षांवर गेली, शिवाय दंड. शिक्षा वाढली, तरी गुन्हा जामीनपात्रच राहिला. म्हणजे चालक पोलिस ठाण्यातूनच जामीन घेऊन घरी जाऊ शकतो. मयताचे नातेवाईक शवविच्छेदन गृहाबाहेर उभे असतात आणि चालक घरी पोचलेला असतो. त्यात कुणी पैसे खाल्लेले असतातच असं नाही. कायदाच तसा आहे.

दुसरी वाट सदोष मनुष्यवधाची. जुनं कलम ३०४, नवं १०५. इथे चालकाला जाणीव होती असं सिद्ध करावं लागतं: आपण जे करतोय त्याने कुणाचा जीव जाण्याची शक्यता आहे, हे त्याला कळत होतं आणि तरीही त्याने ते केलं. हे सिद्ध झालं तर दहा वर्षांपर्यंत कैद. गुन्हा अजामीनपात्र, खटला सत्र न्यायालयात.

दोन वर्षं (नव्या कायद्यात पाच) आणि दहा वर्षं. मधला सगळा फरक त्या ‘जाणीव’ या गोष्टीचा. ती डोक्यात असते, दिसत नाही. मग ती ठरवायची कशी?

कर्वे रस्त्यावर रात्री साडेअकराची वेळ समजा. एकोणीस वर्षांचा मुलगा गाडी चालवतोय. एका प्रसंगात तो नकाशा बघायला दोन सेकंद मोबाइलकडे वळतो आणि रस्ता ओलांडणाऱ्या आजोबांना धडक बसते. हा निष्काळजीपणा, यात फारसा वाद होणार नाही. दुसऱ्या प्रसंगात तो लाल सिग्नल तोडून नव्वदच्या वेगाने जातो. इथे वकील भांडतील, पण आपल्याकडे बहुतेक वेळा हेही निष्काळजीपणातच बसवलं जातं. तिसऱ्या प्रसंगात तो प्यायलेला आहे. हॉटेलच्या दारात मित्र म्हणाला होता, चावी दे, मी रिक्षा बोलावतो. त्याने ऐकलं नाही. पुढच्या चौकात गाडी दुभाजकाला घासली, तरी थांबला नाही. आणि मग ते आजोबा. इथे तो ‘मला कळलंच नाही’ असं म्हणू शकत नाही. त्याला दोनदा कळवलं गेलं होतं.

धडक तीच, मृत्यू तोच. पण तिसरा प्रसंग न्यायालयात तिसरा म्हणूनच पोचायचा असेल, तर मित्राचा जबाब हवा, हॉटेलचं बिल हवं, दुभाजकावरच्या रंगाचा पंचनामा हवा, आणि सगळ्यात आधी रक्ताचा नमुना हवा. यातलं काही निसटलं की तिसरा प्रसंग हळूहळू पहिल्यासारखा दिसायला लागतो.

(धडक देऊन पळून जाणं आणि कुणालाही न कळवणं यासाठी नव्या संहितेत कलम १०६(२) आहे, दहा वर्षांपर्यंत कैदेचं. पण जानेवारी २०२४ मधल्या ट्रकचालकांच्या संपानंतर केंद्राने ती तरतूद लागू करणं थांबवलं. त्यामुळे ‘आता पळून गेला तर दहा वर्षं’ असे जे संदेश फिरतात, त्यांवर विसंबू नका.)

आणखी एक गोष्ट पुन्हा पुन्हा विचारली जाते. कल्याणीनगरचा अपघात मे महिन्यातला, नवा कायदा जुलैतला. मग नव्या कायद्याने शिक्षा का नाही? कारण गुन्हा घडला त्या दिवशी जो कायदा होता तोच लागतो. नंतर वाढवलेली शिक्षा मागे नेता येत नाही. ही राज्यघटनेच्या अनुच्छेद २० ची हमी आहे आणि ती तुम्हा-आम्हा सगळ्यांना आहे.

एक कुपी रक्त

मोटार वाहन कायद्यात मर्यादा आहे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल. तिच्यावर गेलात की कलम १८५ लागतं. पण मृत्यूच्या प्रकरणात त्या आकड्याचं वजन फार वाढतं, कारण जाणिवेचा पुरावा तोच असतो.

हा नमुना घेतात कसा, ते जवळून बघण्यासारखं आहे. सुई टोचण्याआधी त्वचा स्पिरिटने पुसायची नाही, नाहीतर तेच अल्कोहोल नमुन्यात आलं असा वाद उभा राहतो. कुपीत आधीपासून सोडियम फ्लोराइडची पूड असते, म्हणजे रक्त टिकतं आणि कुपीतल्या कुपीत नवं अल्कोहोल तयार होत नाही. मग कुपीवर नाव, तारीख, घेतल्याची वेळ, डॉक्टरांची सही. वर सील. पोलिस हवालदार ती ताब्यात घेतो, नोंद करतो, न्यायवैद्यक प्रयोगशाळेत पोचवतो, तिथे सील शाबूत असल्याची नोंद होते. कुपी ज्या ज्या हातांतून गेली, त्या प्रत्येकाला न्यायालयात उभं राहून ‘माझ्याकडे आली तेव्हा सील शाबूत होतं’ असं सांगता आलं पाहिजे. एक जरी हात गळला, तरी बचावाच्या वकिलाला तेवढं पुरतं.

आणि वेळ. शरीर दर १०० मिलिलिटर रक्तामागे साधारण तासाला १५ मिलिग्रॅम या वेगाने अल्कोहोल संपवतं. माणसागणिक हे कमी-जास्त होतं, पण हिशोब कळण्यापुरता हा आकडा घ्या. पहाटे अडीचला रक्तात ११० मिलिग्रॅम असेल, तर सकाळी आठला तो अठ्ठावीसच्या आसपास येतो. म्हणजे मर्यादेच्या खाली. दहापर्यंत जवळपास शून्य. कुणी काही लबाडी केली नाही, नुसता उशीर केला, तरी पुरावा आपोआप नाहीसा होतो.

कल्याणीनगरच्या प्रकरणात पोलिसांचा आरोप उशिराच्याही पुढचा आहे. ससून या सरकारी रुग्णालयात घेतलेला नमुना फेकून देऊन त्या जागी दुसऱ्याच व्यक्तीचं रक्त ठेवलं गेलं, असं त्यांचं म्हणणं. त्यात डॉक्टरांना अटक झाली, मुलाच्या आईवडिलांनाही झाली. तो खटला न्यायालयात आहे, त्यामुळे दोषी कोण हे मी सांगणार नाही. पण आरोप जर खरा ठरला, तर त्या नमुन्याची अदलाबदल हा निबंधाच्या अटीपेक्षा कितीतरी मोठा घाव आहे. निबंधाने शिक्षा कमी होत नव्हती. नमुना गेला तर शिक्षेपर्यंत पोचायची वाटच बंद होते. आपण मोर्चे काढले ते निबंधावरून. मला अजूनही वाटतं, आपण रक्ताच्या नमुन्याच्या वेळेवरून काढायला हवे होते: प्रत्येक प्राणांतिक अपघातात, चालक कुणाचाही मुलगा असो, नमुना दोन तासांच्या आत घेतलाच पाहिजे आणि उशीर झाला तर तपास अधिकाऱ्याने लेखी कारण दिलं पाहिजे, एवढ्या एका मागणीसाठी.

अठरा ओलांडलेला, पण अजून पोरच

एकोणीस-वीस-बावीस वर्षांचा चालक कायद्याने प्रौढ. तरीही न्यायालय त्याचं वय बघतं. दोषी ठरवल्यानंतर शिक्षेच्या मुद्द्यावर वेगळी सुनावणी होते. आरोपीचा वकील सांगतो: वय लहान आहे, पहिलाच गुन्हा आहे, शिक्षण चालू आहे, कुटुंबाने नुकसानभरपाई दिली आहे. सरकारी वकील सांगतो: परवाना नव्हता, दारू प्यायला होता, जखमीला रस्त्यावर टाकून पळाला. न्यायाधीश दोन्ही तोलतात.

एकवीस वर्षांखालच्यांसाठी १९५८ चा अपराधी परिविक्षा कायदा आहे. परिविक्षा म्हणजे तुरुंगाऐवजी चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडणं. त्याच्या कलम ६ प्रमाणे अशा तरुणाला शक्यतो तुरुंगात पाठवायचं नाही. पाठवायचं तर न्यायाधीशाने कारणं लिहायची. मात्र २००० साली दलबीर सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की बेदरकार वाहन चालवून मृत्यू घडवणाऱ्यांना परिविक्षेची ही सवलत सहसा देऊ नये. चालकाच्या मनात ‘फार तर चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सुटेन’ असा हिशोब राहता कामा नये, हा त्यामागचा विचार.

प्रत्यक्षात शिक्षा किती होते? एक सरळ उत्तर नाही, आणि खरी अडचण तीच आहे. मुंबईत नोव्हेंबर २००६ मध्ये वांद्र्याच्या कार्टर रोडवर विशीतल्या एका चालकाची गाडी पदपथावर झोपलेल्या मजुरांवर चढली. सात जण गेले. सत्र न्यायालयाने निष्काळजीपणा धरला आणि सहा महिन्यांची शिक्षा दिली. उच्च न्यायालयाने सदोष मनुष्यवध धरून तीन वर्षं केली. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली आणि वर नोंदवलं की ही शिक्षा फारच अपुरी आहे, पण राज्य सरकारने वाढवून मागितलेलीच नाही, त्यामुळे आम्ही त्यात जात नाही. सात माणसं, आणि सरकारने अपील केलं नाही. हे वाचून माझा जीव अजून तुटतो.

दिल्लीत जानेवारी १९९९ मध्ये लोधी कॉलनीत बीएमडब्ल्यूखाली सहा जण गेले, त्यात तीन पोलिस. तिथेही चालक तरुण. सत्र न्यायालय पाच वर्षं, उच्च न्यायालय दोन वर्षं. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये पुन्हा सदोष मनुष्यवध धरला, पण भोगलेली कैद पुरेशी मानली आणि त्यावर ५० लाख रुपये व दोन वर्षं समाजसेवा अशी जोड दिली. पंजाबातल्या एका प्रकरणात खालच्या न्यायालयाने दिलेली एक वर्षाची कैद उच्च न्यायालयाने भरपाई दिली म्हणून चोवीस दिवसांवर आणली होती. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये ती सहा महिने केली आणि पैसे दिले म्हणजे गुन्हा धुतला जात नाही, असं बजावलं.

सहा महिने, तीन वर्षं, पाच वर्षं, चोवीस दिवस. आपल्याकडे न्यायाधीशाला या दोन टोकांमध्ये वाट दाखवणारी शिक्षेची मार्गदर्शक तत्त्वं नाहीत. इंग्लंडमध्ये आहेत. तिथे धोकादायक वाहन चालवून मृत्यू घडवण्याची कमाल शिक्षा २०२२ मध्ये १४ वर्षांवरून जन्मठेपेपर्यंत नेली. त्याच वेळी न्यायाधीशापुढे पायऱ्याही आहेत: दोष सर्वांत गंभीर असेल तर सुरुवात १२ वर्षांपासून, मधला असेल तर ६, कमी असेल तर ३, आणि मग वय, अपरिपक्वता, पश्चात्ताप यांनुसार वर-खाली. अठरा वर्षांखालच्यांसाठी वेगळी तत्त्वं आहेत आणि १५ ते १७ वयाला साधारण प्रौढाच्या शिक्षेच्या निम्म्यापासून दोनतृतीयांशापर्यंत शिक्षा असा मापदंड आहे. तिथली शिक्षा इथे आणा असं माझं म्हणणं नाही. पण निकालाआधी दोन्ही बाजूंना साधारण अंदाज असणं, आणि निकालात ‘या पायरीवरून या कारणाने इथे आलो’ असं लिहिलेलं असणं, हे मयताच्या घरच्यांना केवढं तरी बळ देतं. आपल्याकडे ती सोय नाही.

सतरा वर्षं आणि तीनशे चौसष्ट दिवस

आता अठराच्या आतला चालक. वय मोजायचं ते गुन्ह्याच्या दिवशीचं. खटला चालताना तो वीस वर्षांचा झाला तरी फरक पडत नाही.

त्याला कायदा आरोपी म्हणत नाही, विधिसंघर्षग्रस्त बालक म्हणतो. त्याचं नाव, फोटो, शाळा छापायला मनाई आहे. त्याचा खटला नाही, चौकशी होते, बाल न्याय मंडळापुढे: एक न्यायदंडाधिकारी आणि दोन समाजकार्यकर्ते, त्यांत किमान एक स्त्री. मंडळ त्याला समज देऊ शकतं, समुपदेशन, समाजसेवा, पालकांना दंड, परिविक्षा अधिकाऱ्याची देखरेख असे आदेश देऊ शकतं, आणि सर्वांत कडक म्हणजे विशेष गृहात जास्तीत जास्त तीन वर्षं. मृत्यू एक असो की दोन, मर्यादा तीच.

‘मग प्रौढ म्हणून खटला चालवा ना’, असं तेव्हा प्रत्येक जण म्हणत होता. २०१५ च्या कायद्यात ती वाट आहे, पण तिला दार एकच आहे. मुलगा सोळा ते अठरा वयाचा हवा आणि गुन्हा ‘घृणास्पद’ वर्गातला हवा. घृणास्पद म्हणजे ज्याला किमान सात वर्षांची शिक्षा कायद्यानेच ठरवून दिली आहे. कमाल किती हे बघायचं नाही, किमान किती हे बघायचं. सदोष मनुष्यवधात मारायचा हेतू असेल तर कमाल शिक्षा जन्मठेपेपर्यंत जाते, पण जुन्या कलम ३०४ मध्ये किमान शिक्षाच नव्हती. नव्या १०५ मध्ये हेतू असलेल्या प्रकाराला किमान पाच वर्षं आली. तरीही सात नाही. म्हणजे दार बंदच.

हा वाद पुण्यात जन्मलेला नाही. एप्रिल २०१६ मध्ये दिल्लीच्या सिव्हिल लाइन्समध्ये अठरा पूर्ण व्हायला काही दिवस उरलेल्या एका मुलाच्या मर्सिडीजने एका तरुणाचा जीव घेतला. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. शिल्पा मित्तल खटल्याच्या जानेवारी २०२० च्या निकालात न्यायालयाने सांगितलं की किमान शिक्षा सात वर्षं नसेल तर गुन्हा घृणास्पद नाही, आणि कायद्यात फट राहिली असेल तर ती संसदेने भरायची. संसदेने २०२१ मध्ये भरली. कशी? असे गुन्हे ‘गंभीर’ वर्गात टाकून, म्हणजे प्रौढ म्हणून खटल्याच्या बाहेर ठेवून. तेव्हा ही विसरलेली पळवाट राहिलेली नाही, संसदेने विचारपूर्वक घेतलेली भूमिका आहे. १५ जुलै २०२५ रोजी पुण्याच्या मंडळाने मुलाला प्रौढ मानून खटला चालवण्याची पोलिसांची मागणी फेटाळली, तेव्हा पुन्हा मंडळालाच शिव्या पडल्या. ज्यांना हे बदलायला हवं असं वाटतं त्यांनी आपल्या खासदाराला पत्र लिहावं. मंडळाच्या हातात ते नाही.

या सगळ्यात एक गोष्ट फारशी कुणाला ठाऊक नाही, आणि ती फार महत्त्वाची आहे. जुनं ३०४-अ बाल न्याय कायद्यात ‘किरकोळ’ गुन्ह्यात मोडत होतं, कारण तीन वर्षांपर्यंत शिक्षेचे सगळे गुन्हे किरकोळ. आणि किरकोळ गुन्ह्याची चौकशी चार महिने, वाढीव दोन महिने, एवढ्यात संपली नाही तर आपोआप बंद होते. माणूस मेलाय, आणि तारखांवर तारखा पडल्या म्हणून फाइल बंद. कल्याणीनगरच्या गुन्ह्यात आधी ३०४-अ होतं, नंतर ३०४ जोडलं गेलं, त्याला हे मोल होतं. नव्या १०६(१) ची कमाल पाच वर्षं असल्यामुळे यापुढच्या प्रकरणांत तरी हा धोका टळला आहे. नव्या संहितेची मला सगळ्यात आवडलेली बाजू हीच, आणि तिच्याबद्दल कुणी बोललेलं दिसत नाही.

सतराव्या वर्षी केलेल्या चुकीसाठी मुलाला येरवड्याला सराईतांच्या बराकीत पाठवावं, असं मला वाटत नाही. त्याने रस्ते सुरक्षित होत नाहीत. पण समाजसेवेचा आदेश म्हणजे चौकात हातात फलक धरून फोटो काढणं, हेही मान्य नाही. मंडळाला अधिकार आहेत: व्यसनमुक्ती उपचार, ठराविक ठिकाणी जायला बंदी, महिनोन्‌महिने चालणारी देखरेख. अपघातात पाय गेलेल्यांच्या पुनर्वसन केंद्रात वर्षभर दर शनिवार-रविवार, परिविक्षा अधिकाऱ्याच्या अहवालासह, असा आदेश देता येतो. तीन वर्षांची मर्यादा कमी नाही. तिचा वापर फार कमी होतो.

चावी कुणी दिली?

सकाळी साडेसहाला कुठल्याही पेठेतल्या किंवा कोथरूडच्या क्लासच्या गल्लीत जाऊन बघा. जिन्याखाली पन्नासेक मोपेड. अकरावीच्या मुलामुलींच्या. कुणी शाळेचं ओळखपत्र गळ्यात अडकवूनच आलेलं, हेल्मेट हँडलला लटकलेलं. सोळाव्या वर्षी परवाना मिळतो, पण तो बिनगिअरच्या पन्नास सीसीपर्यंतच्या दुचाकीचा. अ‍ॅक्टिव्हा साधारण एकशेदहा सीसीची. म्हणजे ती रांग जवळपास अख्खी बेकायदा आहे, आणि चाव्या घरातूनच आल्यात.

मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये कलम १९९-अ आलं. अल्पवयीनाने गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो: तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द. मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना नाही. ‘मला न विचारता नेली’ हे म्हणणं पालकाने स्वतः सिद्ध करायचं. न्यायालय आधी संमती होती असंच गृहीत धरतं. मुलाकडे शिकाऊ परवाना असेल आणि तो परवान्यात बसणारीच गाडी चालवत असेल, तर मात्र हे लागू नाही. पोर्शेच्या बातम्या वाचून हळहळणारे कित्येक बाबा दुसऱ्या दिवशी सकाळी मुलीला म्हणतात, ‘सावकाश जा गं.’ कलम दोघांनाही तेच आहे.

ज्यांच्या घरातलं माणूस गेलं

फौजदारी खटला राज्य विरुद्ध आरोपी असा असतो. मयताचं कुटुंब त्यात साक्षीदार, फार तर स्वतःचा वकील देऊन सरकारी वकिलाला मदत करू शकतं. आरोपी सुटला, हलक्या कलमात दोषी ठरला किंवा भरपाई अपुरी वाटली, तर कुटुंबाला अपील करता येतं. पण शिक्षा कमी पडली म्हणून अपील करता येत नाही. ते फक्त सरकार करू शकतं. कार्टर रोडच्या प्रकरणात नेमकं तेच झालं नाही. म्हणून निकाल लागला की लगेच सरकारी वकिलांना आणि विधी व न्याय विभागाला लेखी अर्ज द्या, शिक्षा वाढवण्यासाठी अपील करा म्हणून, आणि पोच घ्या.

नुकसानभरपाईचा दावा यापासून पूर्ण वेगळा. तो मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात चालतो. तिथे निष्काळजीपणा दाखवायला फौजदारी खटल्याइतका कडक पुरावा लागत नाही, आणि चालक अल्पवयीन होता म्हणून कुटुंबाचा हक्क जात नाही. परवाना नसला तरी बहुतेक वेळा विमा कंपनीला आधी कुटुंबाला पैसे द्यायला लावतात आणि मग ते तिने मालकाकडून वसूल करायचे असतात. दावा अपघातापासून सहा महिन्यांत दाखल करा. दुःखात हे सहा महिने कसे जातात ते कळत नाही, म्हणून जवळच्या कुणीतरी, मामाने, शेजाऱ्याने, ऑफिसातल्या मित्राने, ही तारीख स्वतःच्या वहीत लिहून ठेवावी. एफआयआरची प्रत, घटनास्थळाचा पंचनामा, शवविच्छेदन अहवाल आणि गाडीच्या विम्याचे कागद पहिल्या महिन्यातच मागून घ्या. तपास अधिकाऱ्याला एक प्रश्न पहिल्याच भेटीत विचारा, जमलं तर लेखी: चालकाचं रक्त किती वाजता घेतलं?